लवकर उठायची सवय दर वेळी आठव्या दिवशी मोडते, तर बिघाड कुठे शोधायचा?

सोमवारी ठरवायचं. मंगळवार, बुधवार जिद्दीने उठायचं. गुरुवारी डोळे चुरचुरले तरी उठायचं. शनिवारी रात्री जरा सैल सोडायचं, आणि पुढच्या सोमवारी गजर कधी बंद केला हेही न आठवता पावणेआठला दचकून जागं व्हायचं. या फेऱ्यात मी सात-आठ वर्षं होते. दर वेळी मोडलं की मनाशी एकच म्हणायचे, आपल्या अंगी चिकाटीच नाही.

ते खरं नव्हतं, हे मला नळाने दाखवून दिलं. आमच्या जुन्या भाड्याच्या घरात पाणी दिवसाआड यायचं, पहाटे सव्वापाच ते सहा. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी मी पाच वाजून दहा मिनिटांनी उठलेली असायचे, बहुतेक वेळा गजराच्या आधीच. पिंप विसळून घ्यायचं, नळीचं टोक त्यात सोडायचं, तोवर ओट्याखालच्या कळश्या भरायच्या, शेवटी मोरीतल्या बादल्या. पावणेसहाला धार बारीक व्हायला लागली की नुसत्या आवाजावरून कळायचं. आणि ज्या दिवशी पाणी नाही, त्या दिवशी तेच घर, तीच गादी, तोच गजर, आणि मी साडेसातपर्यंत अंथरुणात. माणूस एकच होता. चिकाटी काही दिवसाआड येत-जात नसते.

म्हणून आता मैत्रिणींपैकी कोणी म्हणालं, "अगं, सवय टिकतच नाही," तर मी आधी विचारते, नेमकी मोडते कुठे? रात्री वेळेवर झोपच लागत नाही? सकाळी जाग येते पण उठवत नाही? की आठवडाभर जमतं आणि सुटीनंतर बिघडतं? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

दहाला आडवे होता, पण साडेबाराशिवाय डोळा लागत नाही

बहुतेकजण सुरुवात रात्रीपासून करतात. रोज साडेबाराला झोपणारा माणूस ठरवतो, आजपासून दहाला झोपायचं. दिवे बंद करतो, कूस बदलतो, पंख्याची घरघर ऐकत पडतो. अकरा वाजतात, साडेअकरा वाजतात, चिडचिड होते, हात मोबाइलकडे जातो. दुसऱ्या दिवशी झोप अपुरी, आणि चार दिवसांत प्रयोग बंद.

यात त्याची चूक नसते. झोप येते ती दोन गोष्टींच्या मेळाने. एक म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत राहतं. जितका वेळ जागे, तितका दाब जास्त, आणि झोपेत तो उतरतो. दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचा एक बारीक पुंजका असतो. तो साधारण चोवीस तासांचा ताल धरतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून रोज स्वतःला लावून घेतो. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली या दोन गोष्टी एकत्र मांडल्या, आणि झोपेचा अभ्यास आजही त्याच मांडणीवरून पुढे जातो. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या घड्याळाचा एक स्वभाव मला फार उशिरा कळला. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास ते आपल्याला सर्वांत जास्त जागं ठेवतं. दिवसभराच्या दाबाखाली माणूस संध्याकाळीच आडवा होऊ नये म्हणून ते तेव्हा जोर लावत असतं. म्हणजे ज्याची रोजची वेळ साडेबाराची, त्याच्यासाठी दहा ही झोप लागायला जवळजवळ सगळ्यांत अवघड वेळ. तिथे डोळे घट्ट मिटून पडण्यात अर्थ नाही.

म्हणून रात्र सोडा, सकाळ धरा. उठण्याची वेळ खुंटीसारखी पक्की करा आणि झोपण्याची वेळ पहिले काही दिवस सैल ठेवा. पेंग आली की आडवं व्हायचं, मग साडेअकरा वाजोत नाहीतर बारा. उठायचं मात्र ठरल्या वेळी. आदल्या रात्री झोप कमी झाली असली तरी तो दाब वाया जात नाही, दुसऱ्या रात्री तोच लवकर झोपवतो. माझ्या बाबतीत चौथ्या-पाचव्या रात्री पावणेअकराला भाजी निवडता निवडता पापण्या जड व्हायला लागल्या, तेव्हा मला खरं वाटेना.

आणि एकदम दोन तासांची उडी नको. पंधरा मिनिटांनी वेळ अलीकडे आणायची, तिथे तीन दिवस थांबायचं, मग पुढची पंधरा मिनिटं. साडेसातवरून सहावर यायला असे सहा टप्पे, म्हणजे जेमतेम अडीच आठवडे. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिराकडे घसरणं सोपं आणि लवकरकडे येणं चढाचं. चढ हळूच चढायचा असतो.

पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसा. तळमळत पडून राहिलं की गादी आणि तळमळ यांची सांगड बसते आणि गादी दिसली की मन जागं व्हायला लागतं. लहान घरात दुसरी खोली कुठून आणायची, हा प्रश्न मलाही होता. मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायचे, गॅसजवळचा छोटा दिवा लावायचे आणि उद्याचा लसूण सोलायचे. दोन गड्डे होईस्तोवर जांभई यायची.

पाच हा आकडा कुठून आला?

लवकर उठायचं म्हटलं की आपल्याकडे पाच. कधी तर चार. मी पहिले कितीतरी प्रयत्न याच आकड्यापायी वाया घालवले.

आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, ७३ अंशांच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे असतो. शहराचा स्वतःचा 'बॉम्बे टाइम' नेमका तेवढाच मागे होता, आणि देशभर प्रमाणवेळ लागू झाल्यावरही तो १९५५ पर्यंत चालला. आजही मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, आणि जानेवारीच्या मध्यात सव्वासातच्या आसपास. नागपूरला तो मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी येतो. म्हणजे नागपूरकराचे पाच आणि मुंबईकराचे पाच सारखे नाहीत. जानेवारीत डोंबिवलीला पाचला उठणारा माणूस सूर्याच्या सव्वादोन तास आधी उठतो, आणि शरीराच्या घड्याळाला लावून घ्यायला जो उजेड लागतो त्याचा तेव्हा मागमूस नसतो.

सासूबाई पाच वगैरे म्हणत नाहीत, "पहाटे उठावं" म्हणतात. आधी मला वाटायचं दोन्ही एकच. पण परंपरेतला ब्राह्म मुहूर्तसुद्धा सूर्योदयावरूनच मोजतात. मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि ब्राह्म मुहूर्त सूर्योदयाआधीचा दुसरा. म्हणजे सूर्योदयाआधी १ तास ३६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. मुंबईच्या हिशोबाने जानेवारीत तो सुमारे ५:४० ते ६:२५, आणि जूनमध्ये ४:२५ ते ५:१०. जुनी माणसं ऋतूबरोबर सरकत होती. आपण भिंतीवरच्या घड्याळातला एक आकडा पकडून बारा महिने त्याच्याशी झगडतो.

माझा अनुभव असा की मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात आणि खाली कोकण-गोव्यात नोकरी-संसार असलेल्या माणसाने सहा धरावेत, हिवाळ्यात सव्वासहा. विदर्भात साडेपाच सहज जमतात. डब्यासाठी किंवा गाडीसाठी ज्यांना पाचलाच उठावं लागतं त्यांचा इलाज नाही, पण मग त्यांनी दहाला झोपण्याचा हक्क घरात मागून घ्यायला हवा. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. त्या सातांतून एक तास कापून पहाट कमावली, तर ती सवय मोडणारच, आणि ती मोडते तेच बरं.

गजर वाजतो, हात जातो, पुढचं आठवत नाही

जाग आल्यानंतरची पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू अर्धवट झोपेतच असतो. त्या वेळी घेतलेला निर्णय आपला नसतोच म्हटलं तरी चालेल. "पाचच मिनिटं अजून" हे तेव्हा इतकं पटतं की त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. म्हणून सकाळी ठरवायला काही शिल्लक ठेवू नका. काय करायचं, कुठे जायचं, काय घालायचं, सगळं रात्रीच ठरलेलं हवं.

पाण्याच्या दिवशी मी उठायचे, कारण नळ माझ्यासाठी थांबणार नव्हता. आता राहते त्या घरात चोवीस तास पाणी आहे. मग नळाच्या जागी काय आणायचं? बरीच खटपट करून मी दुधावर आले. दूधवाला पावणेसहाला दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातो. आदल्या दिवशीचं दूध मी रात्री मुद्दाम शिल्लक ठेवत नाही, ते विरजणाला लागतं. सहाला उठून दार उघडलं नाही, दूध तापवलं नाही, तर घरात कोणालाच चहा नाही, आणि मे महिन्यात कडीला लटकलेलं दूध सातपर्यंत नासतं. हे एवढंसं काम मला रोज उठवतं. तुमच्याकडे ते वेगळं असेल: देवाची फुलं, गाईची धार, वडिलांची साखरेची गोळी, क्लासला निघालेली मुलगी. दोनच अटी. काम तुमच्याशिवाय अडायला हवं आणि ते पुढे ढकलता येता कामा नये. "उठून व्यायाम करीन" यात दोन्ही नाहीत. नुसता व्यायाम उद्यावर जातो. पण समोरच्या काकू सव्वासहाला गेटशी उभ्या राहणार असतील तर जात नाही.

गजराचं म्हणाल तर मोबाइल उशाखाली नको. आमचा आता फ्रीजवर असतो. बंद करायला आठ पावलं चालावी लागतात, आणि तिथून मोरी दोन पावलांवर. तोंडावर पाणी मारलं की परतीची वाट बरीचशी बंद होते.

मग उजेड. हे सगळ्यांत कमी लोक करतात आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त कामाचं आहे. उजेड मोजतात लक्स या एककात. घरात ट्यूबलाइटखाली शंभर-दोनशे लक्स उजेड असतो. बाहेर, सूर्य थोडा वर आल्यावर, आभाळ भरलेलं असलं तरी काही हजार लक्स असतो. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी 'दिसतंय' एवढंच कळतं, पण आतल्या घड्याळाला फरक कळतो. सकाळचा उजेड त्याला लवकरकडे ओढतो, आणि त्यामुळे रात्रीची झोपही लवकर येते. म्हणून चहाचा कप घेऊन वीस मिनिटं बाल्कनीत, गच्चीत, अंगणात, जिथे आभाळ दिसतं तिथे बसा. सूर्याकडे टक लावू नका, नुसतं उघड्यावर असणं पुरतं. पावसाळ्यात माझी सवय दर वर्षी ढासळायची, कारण जून ते सप्टेंबर मी खिडक्या लावून घरात. आता छत्री घेऊन का होईना, सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारते.

रविवार

ज्यांना सगळं जमतं आणि तरी आठव्या दिवशी मोडतं, त्यांनी बाकी सोडून फक्त एवढं वाचलं तरी चालेल. माझाही खरा बिघाड इथेच होता.

आमचा जुना रविवार असा. शनिवारी रात्री सगळे मिळून काहीतरी बघायचो, दीड वाजायचा. सकाळी साडेनऊला उठणं. अकराला पोहे. दोन-अडीचला जेवण, कोंबडीचा रस्सा आणि भात, आणि त्यावर तीन ते पाच ताणून झोप. संध्याकाळी चहा, कोणीतरी येणं-जाणं. रात्री साडेदहाला मी शहाण्यासारखी गादीवर, कारण उद्या सहाला उठायचंय. आणि डोळे टक्क उघडे.

आता हिशोब बघा. एरवी सहाला उठले की रात्री साडेदहापर्यंत साडेसोळा तास जागरण झालेलं असतं. रविवारी पाचला दुपारची झोप संपली, म्हणजे साडेदहाला जागं होऊन जेमतेम साडेपाच तास. झोपेचा दाब साठायला वेळच मिळाला नाही. त्यात सकाळचा सहा ते आठचा उजेड चुकला आणि शनिवारी रात्री दीडपर्यंत डोळ्यांवर उजेड होता, म्हणजे घड्याळही उशिराकडे सरकलं. मग रविवारी रात्री साडेबारा-एक वाजता झोप, सोमवारी सहाला पाच तासांवर गजर, आणि "माझ्यात चिकाटी नाही."

कामाच्या दिवसांतल्या झोपेची मधली वेळ आणि सुटीच्या झोपेची मधली वेळ यांतल्या फरकाला टिल रोनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने २००६ मध्ये 'सामाजिक जेट लॅग' असं नाव दिलं. जेट लॅग म्हणजे विमानाने लांब गेल्यावर शरीराचं घड्याळ तिथल्या घड्याळाशी न जुळणं. माझा काढून बघितला. आठवड्यात अकरा ते सहा, मध्य अडीचला. रविवारी दीड ते साडेनऊ, मध्य साडेपाचला. तीन तास! दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. मी दर शनिवारी त्याच्या दुप्पट लांब जात होते आणि सोमवारी पहाटे परतत होते, घरातून बाहेर न पडता.

उपाय एकच आहे आणि तो पहिल्यांदा जिवावर येतो. रविवारीही त्याच वेळी उठायचं, फार तर एक तास उशिरा. झोप साठली असेल तर ती शनिवारी रात्री लवकर झोपून फेडायची, रविवारी सकाळी लोळून नाही. दुपारी डोळे मिटत असतील तर तीनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटं, खोलीत अंधार न करता. मी बाहेरच्या दिवाणावर पडते. गादीवर गेले की पंचवीस मिनिटांचे दोन तास होतात.

पण नुसती बंदी टिकत नाही. सहा दिवस धावपळ करणाऱ्या माणसाला सातवा दिवस आपला हवा असतो, आणि त्यात काही गैर नाही. मी माझं सुख दुपारवरून उचलून सकाळी नेलं. रविवारी साडेसहाला पिशवी घेऊन मंडईत जाते. तेव्हा पालेभाज्यांच्या जुड्या नुकत्याच सोडलेल्या असतात, मेथीच्या मुळांना ओली माती असते, आळू-अंबाडी मिळते ती नऊनंतर दिसत नाही. गर्दी नसते, भाजीवाली मावशी दोन शब्द बोलते. परत येऊन, पालेभाजी पाटीत टाकून, पेपर घेऊन मी बाल्कनीतल्या खुर्चीत पाय वर करून बसते ते साडेनवापर्यंत. एक काम करत नाही. रविवारचं लोळणं आहे तसंच आहे, फक्त उजेडात आणि खुर्चीत.

तीन रविवार असे गेले आणि चौथ्या सोमवारी सकाळी मला गजराची गरज लागली नाही.

संध्याकाळच्या बारीकसारीक गळती

चहा. ऑफिसात साडेपाचचं कटिंग सुटणं कठीण, मला माहीत आहे. पण कॅफिन अंगातून अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचचा निम्मा चहा रात्री साडेदहाला अंगात असतो, आणि तो काम करतो ते ॲडेनोसिनची खूण मेंदूला कळू न देण्याचं. झोपेचा दाब असतो, जाणवत नाही. मी शेवटचा चहा तीनवर आणला. पहिला आठवडा डोकं दुखलं, मग थांबलं.

जेवण. लोकलने घरी पोचायला पावणेनऊ, जेवायला साडेनऊ-दहा, आणि भरल्या पोटी साडेदहाला झोप येत नाही. जेवण अलीकडे आणता येत नव्हतं, म्हणून विभागलं. निघतानाच डब्यातली एक पोळी-भाजी खाऊन घेते आणि रात्री ताकभात किंवा मुगाची खिचडी.

दिवे. साडेनऊनंतर वरची पांढरी ट्यूब बंद आणि कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. मोबाइलच्या उजेडाबद्दल बरंच बोललं जातं. माझ्या मते उजेडाइतकंच वाईट आहे ते त्यावर जे दिसतं ते. ऑफिसच्या ग्रुपवर दहा पन्नासला आलेला एक निरोप तासभर झोप घालवतो. उन्हाळ्यात भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात, तेव्हा झोपण्याआधी दीडेक तास कोमट पाण्याने अंघोळ करा. गार पाण्यापेक्षा कोमट बरं, कारण त्याने हातापायांकडे रक्त येतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. शरीर आतून निवलं की झोप येते.

आणि ओटा. याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ज्या घरात एकच बाई साडेअकराला ओटा पुसून शेवटचा दिवा मालवते आणि पाचला पहिला दिवा लावते, तिला सवयीची काही अडचण नाही. तिला तासांची अडचण आहे. तिला कोणी "लवकर झोपत जा" असं सांगू नये. उठून भांडी घासावीत. आमच्याकडे आता रात्री दहाला स्वयंपाकघर बंद होतं. भांडी नवरा घासतो, वाळलेले कपडे लेक घडी करते, सासूबाई दूध विरजतात. हे ठरायला दोन भांडणं लागली. पण याच्याआधीचा माझा एकही प्रयत्न यशस्वी होणं शक्य नव्हतं, हे आज मला स्वच्छ दिसतं.

उठता येतं, पण दुपारी मान पडते

आठवडाभर वेळेवर उठूनही रोज दुपारी ऑफिसात मान पडत असेल तर झोपेचे तासच कमी पडत आहेत. उठण्याची वेळ न हलवता झोपण्याची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर वेगळं काही असू शकतं. घोरणं आणि झोपेत मध्येच श्वास अडकणं, सकाळी उठताच डोकं जड, पायांत रात्री वळवळ, रक्तातलं लोह किंवा थायरॉइड कमी असणं, मन सतत खिन्न राहणं, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त झोप लागत नाही असं तीन महिने चाललं असेल तर तो निद्रानाश, आणि त्यावर आधी गोळी नव्हे तर झोपेच्या सवयी व विचार बदलण्याची वर्तनोपचार पद्धत सुचवली जाते. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका, शेजाऱ्याने दिलेली तर मुळीच नको.

रात्रपाळी, फिरती पाळी किंवा तान्हं बाळ असेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तुम्ही जेव्हा मिळेल तेव्हा झोपा.

वयात आलेल्या मुलांचं घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकतं, आणि त्यांना आठ ते दहा तास झोप लागते. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले, ते लहानांच्या झोपेसाठी. मोठ्या मुलांचं अजून तसंच आहे. लेक दहावीला होती तेव्हा मी तिला साडेचारला हलवून उठवायचे, कारण माझ्या आईने मला उठवलं होतं. ती पुस्तक उघडून भिंतीला डोकं टेकून बसायची. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि मी तिची तीच झोप काढून घेत होते. सहामाहीनंतर ते बंद केलं, रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा ठरवलं. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

सण, लग्नं, पाहुणे

महाराष्ट्रात राहून रोज साडेदहाला झोपणं वर्षाचे तीनशे दिवस जमेल. उरलेल्या दिवसांसाठी मी एकच नियम ठेवला आहे: जागरण कितीही झालं तरी दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ सव्वा तासापेक्षा जास्त हलवायची नाही, दुपारी अर्धा तास पडायचं आणि त्या रात्री पेंग येताच झोपायचं. सवय पहिल्यापासून सुरू करायची नाही. एक दिवस सुटला म्हणजे मोडली, असं मानून मीच तिला कितीतरी वेळा मोडलं होतं.

गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या रात्री घरात सोळा माणसं होती. पुरणाचं पातेलं घासून झालं तेव्हा पावणेदोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी मी सव्वासातला उठले. दूध नणंदेने आत घेतलं होतं. दुपारी गौरी विसर्जनाआधी दिवाणावर अर्धा तास पडले. रात्री दहाला हळदीकुंकवाच्या वाट्या आवरताना डोळे मिटायला लागले, तशी तबक तिथेच ठेवून गादीवर गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली तेव्हा बाहेर पाऊस होता. कडीची पिशवी आत घेतली, पातेलं गॅसवर चढवलं आणि बाल्कनीचं दार उघडलं.